दगडातल्या शंखांचे बारसे करणारे रेव्हरंड हिस्लॉप

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव परिचित आहे ते महाविद्यालयामुळे. १८८३ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयातून अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले ते स्टीफन हिस्लॉप महाविद्यालय निघण्याच्या वीस वर्षे आधीच निवर्तले होते, आणि धर्मोपदेश व शाळा यांच्या पलीकडे त्यांचे आणखी एक मोठे काम होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नागपूरच्या खडकांमध्ये दडलेल्या प्राचीन जीवसृष्टीची पहिली पद्धतशीर नोंद या धर्मोपदेशकाने केली. टाकळी आणि तेलंगखेडी ही नागपूरच्या परिसरातील नावे त्यांनी जीवाश्मांना देऊन जगाच्या विज्ञानकोशात कायमची नोंदवली.

स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील बेरिकशायर परगण्यातील डन्स या छोट्या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म झाला. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढे धर्मोपदेशक आणि ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आले. एडिंबरो आणि ग्लासगो येथे स्टीफन यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च या नावाने स्वतंत्र संघटना उभी राहिली. या नव्या संघटनेने मध्य भारतात कार्य सुरू करण्याचे ठरवले आणि त्यासाठी तरुण हिस्लॉप यांची निवड केली. १८४४ च्या अखेरीस ते पत्नीसह मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूर भागात पोहोचले.

त्या वेळी नागपूर हे भोसल्यांचे संस्थान होते. गादीवर तिसरे रघुजी होते, सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि कामठीला मद्रास लष्कराची मोठी छावणी होती. हिस्लॉप यांनी मराठी भाषा शिकून घेतली, शाळा काढल्या आणि शहरात व आसपासच्या खेड्यांत फिरून उपदेश सुरू केला. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांचे दरबाराशी खटकेही उडाले. लोकांनी त्यांच्या शाळेचे स्वागत केले, पण त्यांच्या धर्मप्रसाराकडे संशयाने पाहिले, हे त्या काळच्या परिस्थितीत स्वाभाविकच होते. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे तरुण सहकारी त्यांच्या मदतीला आले. दोघांनाही निसर्गनिरीक्षणाची आवड होती. प्रचारासाठी आणि शाळांच्या तपासणीसाठी त्यांना सतत भ्रमंती करावी लागे. या भ्रमंतीत वाटेतले दगड, झाडे आणि किडे त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

टाकळीचा शंख

नागपूरच्या भूगोलात एक वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे त्या पाषाणाची पूर्वेकडील सीमा या शहराजवळून जाते. पुणे जिल्ह्यात पुणे-नाशिक रस्त्यावरचे आंबेगाव तालुक्यातील कळंब घ्या किंवा शेजारच्या जुन्नर तालुक्यातील लेणी आणि शिवनेरीचा कडा घ्या. तेथे पायाखाली आणि डोक्यावर एकाच जातीचा काळा दगड असतो. लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते. नागपूरकडे येता येता ती कमी होत जाते आणि त्यामुळे खालचे जुने खडकही उघडे पडतात. म्हणूनच एका दिवसाच्या फेरफटक्यात अनेक युगांचे खडक पाहण्याची संधी नागपूरकरांना मिळते.

लाव्हारसाचे दोन लोट लागोपाठच्या दिवशी वाहिले असे नव्हते. मध्ये बराच काळ जात असे. त्या अवधीत पाषाणावर तळी साचत, माती जमत, झाडे उगवत, गोगलगायी आणि शिंपले वाढत. नंतर पुन्हा लाव्हा येई आणि हे सारे झाकून टाकी. दोन पाषाणथरांमध्ये अशा रीतीने अडकून पडलेल्या गाळाच्या पातळ थरांना भूवैज्ञानिक अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. सीताबर्डीच्या टेकडीत असा थर दोन पाषाणांच्या मधोमध स्पष्ट दिसत असे. टाकळीलाही तो होता. हा थर काही ठिकाणी मातीसारखा मऊ, तर काही ठिकाणी गारगोटीसारखा टणक असतो.

१८५१ मध्ये टाकळी येथे या दोघा धर्मोपदेशकांना दगडात रुतलेला एक शंख सापडला. तो अगदीच अनोळखी नव्हता. मद्रास लष्करातील डॉक्टर जॉन ग्रँट मॅल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागात असे शंख पूर्वीच गोळा केले होते आणि त्यांच्या संग्रहावरून इंग्लंडमधील सॉवर्बी यांनी १८४० मध्ये या जातीला फायसा प्रिन्सेपी हे नाव दिले होते. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे जेम्स प्रिन्सेप यांचा हा गौरव होता. टाकळीच्या शंखाने हिस्लॉप आणि हंटर यांच्या शोधाला दिशा मिळाली. त्यांनी हा थर नागपूरच्या आसपास जागोजागी शोधला. त्यातून शंख, शिंपले, किड्यांच्या पाठीवरील कठीण कवचे, सूक्ष्म कवचधारी जीव, फळे, बिया, पाने आणि लाकडाचे तुकडे बाहेर पडू लागले.

दगडांचा प्रवास

संग्रह करणे हे एक काम आणि संग्रहातील वस्तू ओळखणे हे दुसरे. नागपूरला त्या काळी ना संग्रहालय होते ना ग्रंथालय. तुलनेसाठी दुसऱ्या देशांतील नमुने मिळणे तर अशक्यच होते. रेल्वेही अजून आली नव्हती. त्यामुळे हिस्लॉप आणि हंटर यांनी आपले नमुने पेट्यांत भरून लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठवले. सोबत आपल्या निरीक्षणांचे निबंध पाठवले. नागपूरच्या भूरचनेवरील त्यांचे निबंध १८५४ आणि १८५५ मध्ये संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले आणि मध्य भारतातील या कोपऱ्याकडे युरोपातील तज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले.

पेट्यांतील एकेक वस्तू त्या त्या विषयाच्या जाणकाराकडे गेली. वर्धा खोऱ्यातील मांगली येथे मिळालेली एक चपटी कवटी रिचर्ड ओवेन यांनी अभ्यासली. डायनोसॉर हा शब्द घडवणारे हेच ते ओवेन. बेडकांच्या दूरच्या नात्यातील त्या प्राचीन उभयचर प्राण्याला त्यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. टी. रुपर्ट जोन्स यांनी सूक्ष्म कवचधारी जीव तपासले. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये किड्यांच्या अवशेषांचे वर्णन केले. चार्ल्स बनबरी यांनी कामठी भागातील वालुकाश्मातून मिळालेल्या पानांचे वर्णन १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. या पानांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पाने होती. हीच वनस्पती ऑस्ट्रेलियातही सापडते. आज एकमेकांपासून दूर असलेले दक्षिणेकडील भूखंड एके काळी जोडलेले होते, या सिद्धांताच्या पुराव्यांत पुढे ग्लॉसोप्टेरिसला मोठे स्थान मिळाले. टाकळीच्या खडकात मिळालेल्या एका हिरव्या खनिजाचे परीक्षण डब्लिनचे सॅम्युअल हॉटन यांनी केले आणि १८५९ मध्ये त्याला हिस्लॉपाइट हे नाव दिले. हंटर यांच्या नावानेही त्यांनी एक खनिज नोंदवले.

भारतातही हिस्लॉप यांना एक जाणकार मित्र लाभला. मुंबईत लष्करी डॉक्टर असलेले हेन्री जॉन कार्टर हे सूक्ष्म जीवांचे नाणावलेले अभ्यासक होते. नागपूरच्या तळ्यात हिस्लॉप यांना पाण्यातील वस्तूंवर पातळ थर करून राहणारा एक चमत्कारिक प्राणी आढळला. वसाहत करून राहणाऱ्या या प्राण्याचे वर्णन कार्टर यांनी १८५८ मध्ये केले आणि त्याला हिस्लॉपिया लॅकस्ट्रिस हे नाव दिले. हा वंश आजही त्याच नावाने ओळखला जातो.

याच वर्षी कार्टर यांनी मुंबईच्या समुद्राला अधूनमधून येणाऱ्या लाल रंगाचा उलगडा करणारी टिपणी प्रसिद्ध केली. हा रंग एका सूक्ष्म एकपेशीय जीवामुळे येतो असे त्यांनी दाखवले आणि त्याला पेरिडिनियम सँग्विनियम असे नाव दिले. हे जीव आज डायनोफ्लॅजेलेट या गटात मोडतात. त्यांतील काही जाती प्रतिकूल काळात स्वतःभोवती चिवट वेष्टन तयार करून तळाशी निपचित पडून राहतात. हे वेष्टन सहजासहजी कुजत नाही. कोट्यवधी वर्षांनंतरही ते खडकात शाबूत मिळते. जर्मनीचे एरेनबर्ग यांनी १८३० च्या दशकात गारगोटीत असे जीवाश्म पाहिले होते. परंतु ते पोहणाऱ्या जीवाचे शरीर नसून त्याचे वेष्टन आहे, ही गोष्ट अमेरिकेचे विल्यम एव्हिट यांनी १९६१ मध्ये पुढे आणेपर्यंत नीट उमगली नव्हती. मधल्या शतकभरात अशा जीवाश्मांचे वर्गीकरण डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावरून होत राहिले. जीवाश्माला नाव देणे वाटते तितके सोपे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नाव देण्याची शिस्त

नवी जाती नोंदवण्यासाठी केवळ आकर्षक नाव सुचवून भागत नाही. हाती आलेली वस्तू पूर्वी कोणी नोंदवलेल्या जातीची तर नाही ना, हे आधी तपासावे लागते. मग तिचा आकार, लांबी-रुंदी, वेटोळ्यांची संख्या, मुखाची ठेवण, पृष्ठभागावरील रेघा यांचे वर्णन करावे लागते. चित्र द्यावे लागते. ती नेमकी कोठे आणि कोणत्या थरात मिळाली हे सांगावे लागते. ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो नमुना इतरांना पुन्हा पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावा लागतो. नंतर येणाऱ्या अभ्यासकाचे मत वेगळे पडले, तरी मूळ नमुना समोर असल्यामुळे वादाचा निकाल लावता येतो. शंख असो की सूक्ष्मदर्शकातून दिसणारे वेष्टन, ही शिस्त सारखीच असते.

हिस्लॉप १८५० च्या दशकाच्या अखेरीस रजेवर मायदेशी गेले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच ग्रंथ, संग्रह आणि तज्ज्ञ यांच्या सान्निध्यात काम करण्याची संधी मिळाली. रजेचा काळ त्यांनी या कामी लावला. दुसऱ्यांच्या हवाली नमुने करणारा संग्राहक आता स्वतः वर्णनकार झाला. १८६० मध्ये त्यांचा महत्त्वाचा निबंध लंडनच्या त्रैमासिकात आला. पाषाणथरांशी निगडित असलेल्या गाळाच्या थरांचा त्यात विचार होता आणि त्यांतील शंख-शिंपल्यांचे सविस्तर वर्णन होते. नागपूर परिसराबरोबरच गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीजवळच्या थरांतील शंखांचाही त्यात समावेश होता.

या निबंधातील नावे वाचणे म्हणजे त्या काळच्या नागपुरातून फेरफटका मारण्यासारखे आहे. पॅल्युडिना टाकळिएन्सिस, लिम्निया तेलंगखेडिएन्सिस, सक्सिनिया नागपूरेन्सिस ही नावे स्थळांवरून आली. युनिओ हंटेरी या शिंपल्यात सहकारी हंटर यांचे, तर युनिओ मॅल्कमसनी यात पूर्वसुरी मॅल्कमसन यांचे स्मरण आहे. युनिओ कार्टेरी हे नावही याच यादीतले. पॅल्युडिना सँकेयी हे नाव नागपूर भागातील खडकांचा अभ्यास करणारे लष्करी अभियंता रिचर्ड सँकी यांच्यावरून आहे. बंगळूरचा प्रसिद्ध सँकी तलाव पुढे त्यांनीच बांधला. आणि या युरोपीय नावांच्या रांगेत पॅल्युडिना विरापाई हे एक भारतीय व्यक्तिनामही आहे. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रीय निबंधांत देशी माणसाला असे स्थान मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

वयाचा प्रश्न

या साऱ्या खटाटोपामागे एक मोठा प्रश्न उभा होता. दख्खनचा काळा पाषाण केव्हा तयार झाला? लाव्हारसाच्या खडकात जीवाश्म मिळत नाहीत. त्यामुळे त्याचे वय ठरवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातील जीव ओळखणे आणि ते जगातील कोणत्या ज्ञात काळाच्या जीवांशी जुळतात ते पाहणे. किरणोत्साराच्या साहाय्याने खडकांचे वय मोजण्याची पद्धत विसाव्या शतकात आली. हिस्लॉप यांच्या हाती होते ते केवळ शंख. म्हणून शंखाचे नाव चुकले तर अर्ध्या महाराष्ट्राच्या जमिनीचे वय चुकणार होते.

शंखांचा अभ्यास करून हिस्लॉप यांनी दोन निष्कर्ष काढले. पहिला असा, की नागपूरच्या थरांतील जीव समुद्रातले नसून गोड्या पाण्यातले आहेत. दुसरा असा, की हे थर इओसीन या काळाच्या आरंभीचे आहेत. पहिला निष्कर्ष काळाच्या कसोटीला उतरला. नागपूरचे शंख तळ्यातले होते याबद्दल आज दुमत नाही. हिस्लॉप यांच्या मनात मात्र एका विस्तीर्ण सरोवराची कल्पना होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये हे पाषाण उघड्या जमिनीवर वाहिलेल्या लाव्हारसाचे असून मधले थर तळ्यांत साचलेले आहेत, असे प्रतिपादन केले आणि तेच पुढे रूढ झाले.

दुसरा निष्कर्ष मात्र टिकला नाही. आधुनिक मोजणीनुसार दख्खनच्या उद्रेकाचा मुख्य भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. डायनोसॉर नाहीसे झाले तो हाच काळ. इओसीनचा आरंभ त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षांनी झाला. विशेष म्हणजे, ज्या टाकळीत हिस्लॉप यांचा शोध सुरू झाला त्याच टाकळीच्या थरातून १९८० च्या दशकात भारतीय संशोधकांनी सूक्ष्म हाडे, दात आणि डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे शोधून काढले. हा थर साचला तेव्हा डायनोसॉर अजून हिंडत होते, असे त्यावरून निश्चित झाले.

हिस्लॉप यांच्या हातून हे निसटले याला कारण होते. गोड्या पाण्यातील गोगलगायींची कवचे कालौघात फारशी बदलत नाहीत. आजच्या तळ्यातील शंख आणि सहा कोटी वर्षांपूर्वीचा शंख दिसायला जवळपास सारखे असू शकतात. त्यामुळे हे शंख काळाचे चांगले साक्षीदार ठरत नाहीत. समुद्रातील सूक्ष्म जीवांचे तसे नसते. त्यांच्या जाती झपाट्याने बदलतात आणि सागरप्रवाहांबरोबर दूरवर पसरतात. म्हणून विसाव्या शतकात थरांचे वय ठरवण्याचे काम फोरामिनिफेरा, परागकण आणि डायनोफ्लॅजेलेटची वेष्टने यांच्याकडे गेले. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे अंतरा-ट्रॅपी थरात समुद्री फोरामिनिफेरा सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्राचा एखादा फाटा त्या काळी इतक्या आतपर्यंत आला होता की काय, हा प्रश्न त्यामुळे नव्याने चर्चेत आला. गोडे पाणी की खारे, हा हिस्लॉप यांच्या निबंधातील मूळ प्रश्नच शतक-दीडशतकानंतर दुसऱ्या साधनांनी पुन्हा विचारला गेला.

हिस्लॉप आणि हंटर यांनी जमवलेली फळे आणि बिया यांच्या वाट्याला शंखांइतकी शीघ्र दखल आली नाही. या वनस्पतींचा खरा अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. लखनौचे प्रा. बिरबल साहनी यांनी १९३० च्या दशकापासून नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातील गारगोटीसारख्या दगडांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मोहगाव कलान आणि सौसर ही गावे त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आली. ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याची एक प्राचीन जाती त्यांनी त्यातूनच ओळखली. नागपुरातील प्राध्यापकांनीही या कामात भर घातली. हिस्लॉप यांनी उघडलेले दार अशा रीतीने पुढच्यांनी पूर्णपणे उघडले.

अखेरचा दौरा

रजेवरून परतलेल्या हिस्लॉप यांना नागपूर बदललेले दिसले. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले होते. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि त्यानंतर रिचर्ड टेंपल हे प्रांताचा कारभार पाहू लागले. हंटर प्रकृतीच्या कारणास्तव १८५५ मध्येच परतले होते. पुढे त्यांनी इंग्रजीचा एक मोठा ज्ञानकोशीय शब्दकोश तयार केला. हिस्लॉप एकटे शाळा आणि प्रचार यांचा भार वाहत होते. त्यातच त्यांना गोंड आणि इतर वनवासी समाजांच्या भाषा व परंपरा यांच्या नोंदी करण्याचा ध्यास लागला. लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाची परधानांच्या मुखातून आलेली गाथा त्यांनी उतरवून घेतली. विदर्भात विखुरलेल्या प्राचीन शिळावर्तुळांचेही त्यांना कुतूहल होते.

सप्टेंबर १८६३ च्या आरंभी टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी, म्हणजे आजच्या बुटीबोरी भागात होता. जवळच्या टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहण्यासाठी हिस्लॉप तेथे गेले. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते घोड्यावरून मुक्कामाकडे परत निघाले. पावसाचे दिवस होते. वाटेतल्या ओढ्याला पाणी चढले होते. ते पार करताना हिस्लॉप बुडाले. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षे पूर्ण झाली असती. अठरा वर्षे ज्या मुलखातील ओढ्या-नाल्यांचे काठ त्यांनी धुंडाळले, त्याच मुलखातील एका ओढ्याने त्यांचा बळी घेतला.

त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांतील वनवासी समाजांविषयीच्या नोंदी टेंपल यांनी १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. लिंगोच्या गाथेची ती पहिली मुद्रित नोंद गोंडी संस्कृतीच्या अभ्यासकांना आजही चाळावी लागते. टाकळघाटचे उत्खनन मात्र शंभरहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली केले आणि ही शिळावर्तुळे लोहयुगातील माणसांची दफनस्थळे असल्याचे त्यातून पुढे आले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला, १८६३ या त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी स्थापन झाले.

हिस्लॉप यांच्या जीवाश्मांचा मोठा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. त्यांनी दिलेल्या काही नावांत फेरफार झाले. पॅल्युडिना हे वंशनाम आता वापरात नाही. पहिल्या शोधातील फायसा प्रिन्सेपीही आता दुसऱ्या वंशात गेली आहे. असे होणे हा शास्त्राचा स्वभावच आहे. मात्र वंश बदलला तरी जातीचे मूळ नाव आणि ते देणाऱ्याचे नाव नियमानुसार सोबत चालते. म्हणून आजही दख्खनच्या पाषाणाचे वय सांगणारा संशोधक, तो कोणत्याही देशातला असो, टाकळी आणि तेलंगखेडी ही नावे लिहितो आणि त्यांच्यापुढे हिस्लॉप, १८६० असे नोंदवतो.

टाकळी आज खेडे राहिलेले नाही. नागपूर वाढत गेले आणि ही जागा शहराच्या पोटात गेली. सीताबर्डीभोवतीही वस्ती दाटली. जिथे हिस्लॉप आणि हंटर हातोडी घेऊन हिंडले तेथे आता रस्ते आणि घरे आहेत. नमुना पुन्हा पाहता यावा, ही वर्गीकरणाची पहिली अट. लंडनच्या कपाटात ती पाळली गेली आहे. ज्या थरातून हे नमुने निघाले तो थर पुन्हा पाहता यावा म्हणून त्याचा एखादा उघडा तुकडा तरी नागपुरात राखून ठेवणे ही आता शहराची जबाबदारी आहे. महाविद्यालयाच्या फलकावरील नावापेक्षा हिस्लॉप यांचे ते अधिक अर्थपूर्ण स्मारक ठरेल.